प्रत्येक पित्त हे पित्त नसते

लहान मुलाच्या अंगावर लाल चट्टे उठले की घरात पहिले नाव निघते ते पित्ताचे. आजी आमसूल भिजत घालते, ते पाणी अंगाला चोळले जाते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सारे मावळलेले असते. बहुतेक वेळा हे ठीकच आहे. साधे पित्त बहुधा आपोआप बसते. श्रेय आमसुलाला मिळते, एवढेच.

काही थोड्या मुलांची गोष्ट मात्र वेगळी असते. चट्टे जन्मल्यापासून किंवा पहिल्या काही महिन्यांतच सुरू होतात आणि पुन्हा पुन्हा येतात. सोबत ताप येतो, सांधे दुखतात, डोळे लाल होतात. अ‍ॅलर्जीच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. मग अंडी बंद, वांगी बंद, शेंगदाणे बंद असे करत मुलाच्या ताटातले पदार्थ कमी होत जातात. चट्टे तेवढेच राहतात.

या मुलांचा दोष खाण्यात नसतो, जनुकात असतो. शरीरात जंतू शिरला की धोक्याची घंटा वाजवणारी एक उपजत यंत्रणा आपल्या पेशींमध्ये असते. जनुकातील बिघाडामुळे ही घंटा जंतू नसतानाही वाजू लागते आणि अंगभर दाह पसरतो. अशा आजारांना ‘ऑटोइन्फ्लमेटरी’ म्हणजे आपसूक दाह होणारे आजार हे नाव १९९९ मध्ये मिळाले. त्वचा हा डोळ्यांना दिसणारा अवयव असल्याने अनेकदा पहिली खूण तिच्यावरच उमटते.

पित्तासारख्या दिसणाऱ्या चट्ट्यांचे ठळक उदाहरण म्हणजे मकल-वेल्स सिंड्रोम. १९६२ मध्ये मकल आणि वेल्स या डॉक्टरांनी इंग्लंडमधील डर्बीशायरच्या एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या अंगावर पित्त उठे, पुढे बहिरेपण येई आणि मूत्रपिंडे निकामी होत. वरवर पाहता या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. तो उलगडायला २००१ साल उजाडावे लागले. एनएलआरपी३ या जनुकातील बदल तेव्हा सापडला; त्यामुळे इंटरल्युकिन-१ हे दाह पेटवणारे रसायन अतोनात तयार होते, हे पुढे समजले. दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला की आतील कानाला इजा होते. यकृतात तयार होणारे अमायलॉइड नावाचे प्रथिन मूत्रपिंडात साचत जाते. याच जनुकाच्या एका सौम्य प्रकारात थंड वारा किंवा एसीची खोली सोसली की काही तासांनी ताप आणि चट्टे येतात. थंडीच्या नेहमीच्या अ‍ॅलर्जीसाठी हातावर बर्फ ठेवून जी चाचणी करतात, ती अशा रुग्णांत सहसा निर्दोष येते.

मग ओळखायचे कसे? साध्या पित्ताला विलक्षण खाज असते. या चट्ट्यांना खाजेपेक्षा आग आणि दुखरेपणा जास्त असतो. ओठ-पापण्या सुजणे सहसा दिसत नाही. एखाद्या चट्ट्याभोवती पेनने रेघ काढून ठेवावी. २४ तासांनंतरही तो जागचा हलला नसेल तर डॉक्टरांना जरूर सांगावे. मात्र तो त्याआधी गेला म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण या आजारातही चट्टे कधी कधी लवकर मावळतात. ताप आणि चट्टे असतानाच सीआरपी तपासणे महत्त्वाचे. तो दर वेळी वाढलेला आणि जंतुसंसर्ग मात्र कुठेच सापडत नाही, असे होत असेल तर नुसत्या अ‍ॅलर्जीवर थांबू नये.

या गटातील सगळेच आजार पित्ताचे सोंग घेत नाहीत. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत आढळणाऱ्या ‘फॅमिलियल मेडिटेरेनियन फीवर’मध्ये घोट्याजवळ किंवा नडगीवर लाल, गरम, दुखरा पट्टा उठतो. जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविके दिली जातात; तो दोन-तीन दिवसांत जातो आणि प्रतिजैविक जिंकल्यासारखे वाटते. ब्लाऊ सिंड्रोम भारतात अधिक फसवा ठरू शकतो. लहान वयात अंगावर बारीक पुरळ येते, सांधे सुजतात आणि त्वचेचा तुकडा तपासला तर क्षयासारख्या गाठी दिसतात. क्षयाचे औषध सुरू होते आणि इकडे डोळ्यांच्या आतला दाह दृष्टी पोखरत राहतो.

आणखी एका आजाराचा शोध २०१४ मध्ये लागला. त्याचे नाव डाडा-२. त्वचेवर जांभळट जाळी दिसते आणि लहानपणीच पक्षाघाताचे झटके येऊ शकतात. भारतात नोंदलेल्या रुग्णांत अगरवाल समाजातील कुटुंबे लक्षणीय आहेत. यात दोष त्या समाजाचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपसातच लग्ने झाली की आई आणि वडील दोघांकडून तोच सदोष जनुक मुलात येण्याची शक्यता वाढते.

निदानाची एवढी धडपड करायची, कारण उपचार आहेत. इंटरल्युकिन-१ रोखणारे इंजेक्शन मकल-वेल्सच्या रुग्णांना दिल्यावर वर्षानुवर्षांचे चट्टे आणि ताप पाहता पाहता ओसरले, ही नोंद २००३ मधली. ही औषधे महाग आहेत आणि सर्वत्र मिळत नाहीत, हे खरे. पण भूमध्य तापावरचे कोल्चिसिन हे गाऊटसाठी वापरले जाणारे जुने, स्वस्त औषध आहे. ते नियमित घेतल्यास मूत्रपिंडे वाचतात. डाडा-२ मध्ये पक्षाघात टाळणारी, टीएनएफ रोखणारी इंजेक्शने आता भारतातही बनतात. लघवीतील प्रथिनांची तपासणी आणि श्रवणचाचणी तर जिल्हा रुग्णालयातही होऊ शकते.

दवाखान्यात जाताना चट्ट्यांचे तारखेसह काढलेले मोबाइलमधील फोटो आणि तापाची नोंद न्यावी. चट्टे नेमके त्या दिवशी नसतातच! शक्य असेल तर घरातील वडीलधाऱ्यांनाही सोबत न्यावे. ‘आजोबांना वयामुळे ऐकू येत नाही’ असे सगळे सांगत असतात. ते कोणत्या वयापासून, हे विचारल्यावर आजीच उत्तर देते, ‘लग्नाच्या आधीपासूनच.’