शस्त्र अधिनियमातील सुधारणा आणि ग्रामीण परवानाधारक : आपटा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

शस्त्रविषयक कायदे आणि शस्त्रधारक यांच्या परस्परसंबंधाची चर्चा आपल्याकडे पुष्कळदा अमेरिकेतील घडामोडींच्या आधारे केली जाते. तेथे प्रत्येक राज्याचे विधिमंडळ आपला स्वतंत्र कायदा करू शकते. न्यूयॉर्क राज्याने २०१३ मध्ये असा एक कठोर कायदा केला. पुढे २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच राज्याच्या जुन्या परवानापद्धतीतील एक प्रमुख अट घटनाबाह्य ठरविली. भारतात अशी स्थिती उद्भवू शकत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत पाचव्या क्रमांकाची नोंद शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके यांची आहे. म्हणजे कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. परवाना देण्याचे, रोखण्याचे व रद्द करण्याचे काम मात्र राज्य शासनाच्या अधिकाऱ्यांचे. या विभागणीमुळे शस्त्रधारकाचा शासनाशी खरा संबंध येतो तो जिल्हादंडाधिकाऱ्याच्या कार्यालयात. प्रस्तुत लेखात २०१९ च्या सुधारणेचा विचार रायगड जिल्ह्यातील आपटा (ता. पनवेल) या गावाच्या दृष्टीने केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये भारतीय शस्त्र कायदा संमत झाला. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. एतद्देशीयांना परवान्याचे बंधन आणि युरोपीयांना त्यातून सूट, हा भेद या कायद्याच्या अंमलबजावणीत उघड होता. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांचा सशस्त्र उठाव झाला. फडक्यांचे जन्मगाव शिरढोण हे पनवेल तालुक्यातीलच, कर्नाळ्याच्या पायथ्याच्या परिसरातले. शस्त्र कायद्याचा इतिहास शिकविताना या भागातील महाविद्यालयांनी हा स्थानिक संदर्भ सहसा वापरलेला दिसत नाही, याचे नवल वाटते.

काँग्रेसच्या १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी याच आशयाची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला व सभेने ती फेटाळली. त्यामुळे शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क ठरला नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने वांशिक भेद संपविला, परंतु परवान्याची चौकट कायम राखली.

२०१९ ची सुधारणा

१९८३ च्या सुधारणेपासून एका व्यक्तीला तीन अग्निशस्त्रे बाळगता येत होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकात ही संख्या एकावर आणण्याचा प्रस्ताव होता. त्यावर नेमबाज, जुनी घराणी आणि काही लोकप्रतिनिधी यांनी आक्षेप घेतले. पंजाबचे तत्कालीन मुख्यमंत्री अमरिंदर सिंग यांनी सीमावर्ती राज्याची अडचण सांगत केंद्राकडे फेरविचाराची मागणी केली. एका राज्याच्या मुख्यमंत्र्याला या विषयात पत्र लिहिण्यापलीकडे मार्ग नसावा, यातच संघसूचीतील त्या नोंदीचा अर्थ स्पष्ट होतो. अखेर संसदेने मर्यादा दोन शस्त्रांवर निश्चित केली आणि १४ डिसेंबर २०१९ पासून सुधारणा अमलात आली.

ज्यांच्याजवळ दोनहून अधिक शस्त्रे होती, त्यांनी एक वर्षाच्या आत कोणती दोन ठेवावयाची ते ठरवून उरलेली जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची होती. ही मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. जमा केलेल्या शस्त्राबद्दल भरपाईची तरतूद अधिनियमात नाही. वारसाहक्काने येणाऱ्या शस्त्रालाही दोनची मर्यादा लागू आहे. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. समारंभात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

वर्तमानपत्री चर्चा जवळजवळ सर्वस्वी एक, दोन की तीन या संख्येभोवती फिरली. कोकणातील शेतकऱ्याला मात्र ही संख्या फारशी जाचक नाही, असे माझे मत आहे. मर्यादा कुटुंबाला नसून व्यक्तीला आहे, आणि सामान्य शेतकऱ्याजवळ असते ती एखादी ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक. अधिनियमाच्या कलम १३ नुसार पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितल्यास, नकाराची वैध कारणे नसतील तर तो द्यावयाचा असतो. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो. पिस्तुलासाठी अर्ज करणाऱ्याच्या तुलनेत शेतकऱ्याची बाजू कायद्याने अधिक बळकट केली आहे. ही गोष्ट खुद्द शेतकऱ्यांना क्वचितच ठाऊक असते.

अडचण येते ती वारशाच्या वेळी. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, त्याच्या हयातीतही ते कायदेशीर वारसाच्या नावे होऊ शकते. ही सोय न वापरता परवानाधारकाचे निधन झाले, तर घरातील बंदूक त्या दिवसापासून परवान्याविना राहते. कलम २१ नुसार ती विनाविलंब जमा करणे आवश्यक असते. दुःखाच्या दिवसांत माळ्यावरच्या बंदुकीची आठवण कोणाला होणार! परंतु कायद्याच्या दृष्टीने तेथूनच अपराधाचा आरंभ होतो.

आपटा : तीन कायद्यांच्या छेदावर

पाताळगंगेच्या काठावरील आपटा हे गाव पनवेल तालुक्यात असले, तरी रसायनी पोलीस ठाण्याच्या म्हणजे रायगड जिल्हा पोलिसांच्या कक्षेत येते. पनवेल शहर मात्र नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात आहे. आयुक्तालयाच्या क्षेत्रात जिल्हादंडाधिकाऱ्याचे शस्त्रविषयक अधिकार पोलीस आयुक्ताकडे असतात. परिणामी एकाच तालुक्यातील शहरवासीयाचा अर्ज आयुक्तालयात जातो आणि आपट्याच्या शेतकऱ्याचा अलिबागला. परवान्याची मुदत पाच वर्षे झाल्याचा लाभ म्हणूनच आपट्यासारख्या गावाला अधिक आहे.

दुसरा कायदा वन्यजीव संरक्षणाचा. १९६८ मध्ये स्थापन झालेले कर्नाळा पक्षी अभयारण्य डोंगराच्या पलीकडे आहे आणि आपटा त्याच्या दहा किलोमीटरच्या परिघात पडते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ अन्वये या परिघात नवीन शस्त्रपरवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाची सहमती घ्यावी लागते. २०२२ च्या सुधारणेने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, या परिघातील रहिवाशाच्या परवान्याच्या नूतनीकरणाची सूचनाही वन्यजीव यंत्रणेला देणे बंधनकारक केले. दोन तरतुदींतील शब्दभेद महत्त्वाचा आहे. नव्या परवान्याला सहमती हवी. नूतनीकरणाला केवळ सूचना पुरेशी. हा भेद दुर्लक्षून नूतनीकरणाची प्रकरणेही सहमतीच्या प्रतीक्षेत ठेवली, तर कायद्याने न घातलेले बंधन व्यवहारात लादले जाईल.

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुक्कर हा अनुसूचित वन्यप्राणी आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या अशा प्राण्याला मारण्यासाठी कलम ११ खाली प्राधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी वेगळी घ्यावी लागते. तिच्यावाचून बंदुकीचा उपयोग केवळ आवाज काढून कळप हाकलण्यापुरता.

तिसरा प्रश्न निवडणुकांचा. आचारसंहिता लागू झाली की परवानाधारकांकडून शस्त्रे जमा करून घेतली जातात. त्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ चा आधार घेतला जाई. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनांत प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र आढावा अपेक्षित आहे. जामिनावर असलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले किंवा पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणूककाळातील दंगलीत, सहभागी असलेले परवानाधारक हे या आढाव्याचे मुख्य लक्ष्य. गोव्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर जिल्हा व आयुक्तालय पातळीवर छाननी समितीची पद्धत आली. तिचा हेतू सरसकट आदेश टाळणे हाच होता.

आता तारखा पाहाव्यात. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २००९ मध्ये १३ ऑक्टोबरला, २०१४ मध्ये १५ ऑक्टोबरला, २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला झाले. कोकणात हळवे भात पिकते ते आचारसंहितेच्या आठवड्यांत, गरवे त्यामागोमाग. म्हणजे ज्या कामासाठी परवाना दिला, ते काम ज्या दिवसांत सर्वाधिक असते, नेमकी त्याच दिवसांत बंदूक पोलीस ठाण्यात असते. रानडुकरांना आचारसंहिता लागू नाही. शांततापूर्ण मतदानाची गरज निर्विवाद आहे. परंतु गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेला पिस्तूलधारक आणि ठासणीची बंदूक बाळगणारा वृद्ध शेतकरी यांना एकाच आदेशाने बांधणे हे छाननी समितीच्या मूळ कल्पनेशीच विसंगत ठरते.

राज्य शासनाचा अवकाश

कायदा करण्याचा अधिकार नसला तरी राज्याचे हात रिकामे नाहीत. सार्वजनिक सुव्यवस्था हा राज्यसूचीतील विषय आहे आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सार्वजनिक ठिकाणी शस्त्र घेऊन फिरण्यास बंदी घालता येते. सवलतीचे दरवाजे मात्र केंद्राकडे आहेत. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात कोडव समाज व जम्मा जमीनधारक यांना परवान्यातून दिलेली सूट केंद्राने २०१९ मध्ये दहा वर्षांसाठी वाढविली, ती शस्त्र अधिनियमाच्या कलम ४१ खाली. कोकणासाठी तशी सूट मागावी असे मला वाटत नाही. जमात किंवा जमीनधारणा यांवर आधारलेली सूट १८७८ च्या भेदाची आठवण करून देते.

त्यापेक्षा साधा मार्ग उपलब्ध आहे. छाननी समितीपुढे येणाऱ्या यादीत शेतीसंरक्षणाचे परवाने स्वतंत्र दाखवावेत. सत्तरी गाठलेल्या परवानाधारकांना नूतनीकरणाच्या वेळीच वारसनोंदीची माहिती लेखी द्यावी. कर्नाळ्याच्या परिघातील गावांची यादी जिल्हा कार्यालय व वनविभाग यांनी एकत्र बसून निश्चित करावी, म्हणजे सहमती कोठे आणि सूचना कोठे, हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात नव्याने उपस्थित होणार नाही. यांपैकी कोणत्याही गोष्टीसाठी संसदेत जाण्याची आवश्यकता नाही. जिल्हा पातळीवरील एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते भात पोटरीवर येण्यापूर्वी निघाले पाहिजे.