कापसाचा तंतू आणि कुडाची भिंत

वणीचा परिसर हा काळ्या मातीचा आणि कापसाचा प्रदेश होय. दिवाळीच्या सुमारास शिवारे पांढरी दिसू लागतात, वेचणीला आरंभ होतो आणि कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगच्या वाटेला लागतात. बोंडातून निघालेला एक तंतू हाती घेऊन पाहावा. तो केसाहून बारीक आणि जेमतेम इंचभर लांब असतो. परंतु असेच अनेक तंतू पिळून त्यांचा दोर वळला, म्हणजे तो दोर बैलालाही आवरून धरतो. एवढे बळ त्या तंतूच्या ठायी कोठून येते?

या प्रश्नाचे उत्तर तंतूच्या अंतरंगात आहे. पाण्याचा रेणू केवळ तीन अणूंचा असतो. कापसाचा रेणू मात्र फार मोठा असतो. ग्लुकोज नावाच्या साखरेचे हजारो लहान घटक एकापुढे एक जोडले जाऊन त्याची लांबच लांब साखळी बनते. या साखळीला सेल्युलोज म्हणतात. कापसाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचाच असतो. अशा साखळ्या एकमेकींना बिलगून तंतूच्या लांबीच्या दिशेने रांगेने बसलेल्या असतात. म्हणून तंतू ओढला असता सहज तुटत नाही. ज्या लहान घटकांपासून साखळी बनते, त्यांना ‘एकवारिक’ आणि त्यांच्या साखळीला ‘बहुवारिक’ अशी नावे आहेत. ज्वारीच्या दाण्यातील पिष्ट हेदेखील ग्लुकोजचेच बहुवारिक होय. केवळ जोडणी निराळी. परंतु तेवढ्या भेदामुळे ज्वारी आपले अन्न ठरते आणि कापूस आपल्याला पचत नाही.

ही कल्पना आज सोपी वाटते. पण हेर्मान स्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९२० साली ती मांडली, तेव्हा अनेक विद्वानांनी ती मानली नाही. इतका मोठा रेणू असणे शक्य नाही, लहान रेणूच एकत्र गोळा झालेले असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. स्टाउडिंगर आपल्या मतापासून ढळला नाही. पुढे प्रयोगांनी त्याचे म्हणणे खरे ठरले आणि १९५३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

निसर्गाची ही रीत मनुष्यानेही उचलली. दगडी कोळशापासून निघणाऱ्या डांबरात फेनॉल नावाचे द्रव्य सापडते. लिओ बेकलंड या संशोधकाने १९०७ साली अमेरिकेत फेनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या संयोगापासून बेकेलाइट तयार केले. विजेची जुनी काळी बटणे याच पदार्थाची असत. १९३३ साली इंग्लंडमध्ये एथिलीन वायूवर प्रचंड दाब देऊन प्रयोग चालू असता पांढरे, मेणासारखे द्रव्य हाती आले. तेच पॉलिथीन होय. या दोन पदार्थांत एक मोठा फरक आहे. पॉलिथीनच्या साखळ्या सुट्या असतात. म्हणून ते तापविले की मऊ होते आणि त्याला पुन्हा नवा आकार देता येतो. बेकेलाइटच्या साखळ्या आडव्या दुव्यांनी एकमेकींत पक्क्या जोडलेल्या असतात. म्हणून ते तापविल्यास वितळत नाही, फार तापविल्यास जळते.

साखळी कशाची आहे, यावर पदार्थाचा स्वभाव अवलंबून असतो. याचे उदाहरण आपल्या शेतातच मिळते. सेल्युलोजच्या साखळीवर ठायी ठायी ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या जोड्या असतात. त्यांना पाण्याची ओढ असते. म्हणून सुती कापड घाम टिपते आणि रंगही धरते. प्लॅस्टिकची पोती ज्या पॉलिप्रॉपिलीनची विणतात, त्याच्या साखळीवर अशा जोड्या नसतात. खताच्या रिकाम्या पोत्यात कापूस वेचला, तर पोत्याचे धागे त्यात मिसळतात. ते जिनिंगमध्ये सहज वेगळे होत नाहीत, सुतात शिरतात, आणि कापड रंगविले की न रंगलेले ठिपके होऊन उघडे पडतात. असा कापूस गिरणीला नकोसा होतो. वर्षभराच्या कष्टाचे मोल एवढ्या लहानशा धाग्यामुळे उतरते. म्हणून कापूस सुती कापडाच्या ओटीत किंवा पिशवीत वेचावा, असे जाणकार सांगतात.

आता दुसरी कल्पना पाहू. खेड्यांतून कुडाच्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील. पऱ्हाट्या किंवा बांबूच्या कांब्या यांचा ताटवा उभा करून त्यावर माती लिंपतात. त्या मातीत कुटार आणि शेण कालवतात. नुसती माती वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. कुटाराच्या काड्या मातीला जागोजागी धरून ठेवतात. त्यामुळे भेग पडली तरी लांबवर जात नाही. उलट, माती काड्यांना आपल्या जागी स्थिर ठेवते. अशा रीतीने दोन निराळे पदार्थ आपापला गुण कायम ठेवून एकत्र आले आणि त्यांच्या मेळाने एकट्याला न साधणारे काम झाले, तर त्यांस ‘संयुक्त पदार्थ’ म्हणावे. त्यातील तंतू ताण सोसतो आणि भोवतालचे द्रव्य तो ताण सर्व तंतूंना वाटून देते.

बांबू हा निसर्गाने घडविलेला असाच पदार्थ. त्यात सेल्युलोजचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने बांधलेले असतात. तंतू उभे असल्यामुळे बांबू उभा चटकन चिरतो, आडवा मोडायला मात्र कठीण जातो. गाडीचे टायर म्हणजे रबर आणि त्यात गुंफलेल्या नायलॉनच्या किंवा पोलादाच्या तारा यांचा मेळ. वणीच्या आसपासच्या कोळसा खाणींतून माल वाहणारी अवजड वाहने अशाच टायरांवर धावतात. ‘तेजस’ या भारतीय लढाऊ विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के भाग संयुक्त पदार्थांचा आहे. त्यांत कार्बनचे तंतू राळेसारख्या बहुवारिकात बसविलेले असतात. विमान आणि कुडाची भिंत यांच्या किमतीत व कौशल्यात महदंतर आहे. पण मूळ तत्त्व एकच आहे.

मात्र या बळाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. सुती चिंधी मातीत पडली, तर सूक्ष्म जीव सेल्युलोजची साखळी तोडतात आणि ती मातीस मिळते. कुडाची भिंत पडली, तर तिची माती पुन्हा कालवता येते. पॉलिथीनची साखळी तोडण्याची विद्या मातीतील जीवांना जवळजवळ अवगत नाही. म्हणून पिशवी वर्षानुवर्षे तशीच राहते, नाल्या तुंबविते आणि चरणाऱ्या गाईच्या पोटात जाऊन तिच्या जिवावर उठते. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, ती याच कारणाने. टायरातील रबर पुन्हा वितळत नाही आणि कार्बनचे तंतू राळेतून मोकळे करणे कठीण जाते.

यावरून प्लॅस्टिक वाईट आणि कापूस चांगला, असा उतावळा निष्कर्ष काढू नये. शेताला थेंबाथेंबाने पाणी देणारी नळी प्लॅस्टिकचीच असते, आणि ती टिकाऊ असणे हाच तिचा गुण होय. परंतु जी वस्तू घटकाभर वापरून टाकावयाची, ती शेकडो वर्षे टिकणाऱ्या द्रव्याची करणे यात शहाणपण नाही. पदार्थ जोडण्याची कला मनुष्याला चांगली साधली आहे. जोडलेले वेळेवर सोडविता यावे, ही कला अजून पुरती साधावयाची आहे. आणि ते काम तुमच्या पिढीकडे येत आहे.