वजनाचा काटा का अडतो?

वजन कमी करण्याचा निश्चय केला की पहिले काही महिने उत्साहात जातात. काटा दर आठवड्याला थोडा खाली येतो आणि मग एके ठिकाणी अडून बसतो. आहार तोच, चालणे तेच, तरी वजन हलत नाही. अशा वेळी काही जण नाद सोडतात, काही जण जेवण आणखी तोडतात. हे दोन्ही का टाळावे, ते पाहू.

बहुतेकांच्या मनात एक सोपे गणित असते. शरीरातील एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7700 किलोकॅलरी. रोज 240 किलोकॅलरी कमी घेतल्या तर 32 दिवसांत एक किलो आणि वर्षात 11 किलो वजन घटले पाहिजे. हेच गणित पुढे चालवले तर 70 किलोचा माणूस सहा-सात वर्षांत नाहीसाच होईल! म्हणजे गणितात काहीतरी राहून गेले आहे.

गळका डबा

काय राहिले ते वर्गात सहज दाखवता येते. एका उंच डब्याला तळाजवळ भोक पाडून तो नळाखाली ठेवा. पाण्याची पातळी स्थिर झाली की नळ थोडा बंद करा. पातळी आधी भराभर, मग सावकाश उतरते आणि नव्या ठिकाणी थांबते. डबा रिकामा होत नाही, कारण पातळी उतरली की दाब घटतो आणि भोकातून पडणारे पाणीही कमी होते.

शरीराचेही तसेच आहे. सुरुवातीची झटपट घट बरीचशी पाण्याची असते. यकृत व स्नायूंतील ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. ग्लायकोजेन वापरले गेले की तेही निघून जाते. पुढे शरीर लहान होते, तसा त्याचा विश्रांतीतला खर्च घटतो. व्यायामाचाही खर्च घटतो. समजा, 70 किलो वजनाची व्यक्ती विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याने दोन किलोमीटर जाऊन परत आली. या चालण्यासाठी तिला सुमारे 150 किलोकॅलरी जादा लागतील. वजन 62 किलो झाल्यावर त्याच फेरीला 133 पुरतात. (एका वडापावात याहून बऱ्याच जास्त असतात!)

अमेरिकेतील केविन हॉल व सहकाऱ्यांनी 2011 मध्ये या सर्वांचा हिशेब मांडला. रोजच्या आहारात सुमारे 24 किलोकॅलरींची कायमची कपात केली तर वजन अखेरीस एक किलोने घटते. त्यातली निम्मी घट पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळी तीन वर्षांत होते. म्हणजे 240 किलोकॅलरींच्या कपातीने पहिल्या वर्षी 5 किलो आणि अखेरीस 10 किलो.

मग सहा महिन्यांतच का?

इथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की डबा स्थिर व्हायला तीन वर्षे लागतात, तर काटा सहा-आठ महिन्यांतच का अडतो? उत्तर नळाकडे आहे. तो नकळत पुन्हा उघडलेला असतो.

2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचे मोजमाप मिळाले. मधुमेहाच्या एका औषधामुळे लघवीवाटे साखर बाहेर पडते आणि रुग्णाला न जाणवता वजन घटते. अशा रुग्णांच्या वजनावरून संशोधकांनी हिशेब केला. वजन एक किलोने घटले की खाण्याची ओढ दिवसाला सुमारे 100 किलोकॅलरींनी वाढते. खर्चातल्या घटीपेक्षा ही ओढ कितीतरी मोठी आहे. एखादी जादा पोळी, चहाबरोबर मूठभर शेव अशा वाटांनी कपात भरून निघते. यात मनाचा दुबळेपणा नाही. हे शरीराचे संरक्षण आहे.

पुण्याची शिकवण

मग जेवण निम्म्यावर का आणू नये? कारण कडक उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि आपल्याकडे स्नायूंची शिल्लक आधीच कमी आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक अगदी सारखा, 22.3. पण चरबी युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांतही हाच ‘कृश-स्थूल’ प्रकार आढळला. बाळे वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी टिकवून असलेली. स्नायू रक्तातील साखर वापरणारे मोठे गिऱ्हाईक आहेत. ते गमावून उतरलेले वजन हा तोट्याचाच सौदा.

म्हणून काटा अडला की प्रथम दोन आठवडे खाल्लेले सर्व, तेलाच्या चमच्यासह, वहीत लिहावे. कपात थोडी, पण निभेल अशी ठेवावी. ताटात डाळ, उसळ, दही किंवा अंडी वाढवावीत. त्यांतील प्रथिने स्नायू राखतात आणि पोटही भरल्यासारखे राहते. चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा बैठका, जोर किंवा वजने उचलण्याचा व्यायाम करावा. काट्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही आपली धोक्याची रेषा मानतात. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहारातले बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत.

वजन स्थिर असताना घेर उतरत असेल, तर चरबी जाऊन स्नायू येत असण्याचा संभव आहे. आणि दोन्ही स्थिर असतील, तरी मिळवलेले टिकले आहे. वाढलेल्या भुकेला रोज तोंड देऊन ते टिकवणे हेही कमी काम नाही.