मोटर नवी घेतली, तरी विमान हवेत दम का सोडतं?

ज्यांना आजचा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझं मधलं "म्हणजे… अं…" तेवढं काढून टाकलंय.

विषय आलाय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून. तो म्हणतो, "दादा, फोमचं विमान आहे, आर्डूपायलट टाकलंय. रिमोटवर झकास उडतं. पण ऑटो मोडमध्ये चढायला लागलं की मोटर अचानक बंद. खाली आणून बघितलं तर बॅटरीत चार्ज आहे, मोटरही फिरते. एकदा मोटर बदलली, तरी तेच. आता अजून भारी मोटर घेऊ का? कॉलेजची स्पर्धा पंधरा दिवसांवर आलीय."

थांब मित्रा, पैसे खिशातच ठेव. आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधू: मोटर बंद पडली, की ऑटोपायलटने ती बंद केली?

हे उत्तर लॉगमध्ये असतं. मिशन प्लॅनरमध्ये लॉग उघड आणि तीन रेघा एकाखाली एक लाव: थ्रॉटलचं आउटपुट, बॅटरीचा करंट आणि बॅटरीचा व्होल्टेज. मग ज्या सेकंदाला दम गेला, तिथे झूम कर. लॉगच तिथे अर्धवट तुटला असेल, तर फ्लाइट कंट्रोलरचीच वीज गेली होती. मग आधी तो पुरवठा तपास.

लॉग पूर्ण असेल, तर तीन शक्यता बघ.

एक: थ्रॉटलच खाली आलंय. मग मोटर निर्दोष आहे, तिला आदेशच कमी मिळाला. रिमोटचा सिग्नल जाऊन फेलसेफ लागला का, थ्रॉटलची कमाल मर्यादा कमी ठेवलीय का, ते बघ. हवेचा वेग मोजणारी पिटो नळी असेल, तर तीही तपास. सेन्सरने वेग खऱ्यापेक्षा जास्त दाखवला की ऑटोपायलटला वाटतं, वेग भरपूर आहे, आणि तो थ्रॉटल कमी करतो. कुंभारीण माशीने नळीत माती भरली, तरी एवढा घोळ होऊ शकतो.

दोन: थ्रॉटल वर, करंटही बऱ्यापैकी वाहतोय, पण विमान पुढे जात नाही. प्रोपेलरचा नट ढिला असेल. आत शाफ्ट फिरतो आणि प्रॉप घसरतो. पाच मिनिटांचं काम.

तीन: थ्रॉटल वर, पण करंट एकदम शून्य. म्हणजे ऑटोपायलट मागतोय आणि मोटरपर्यंत काही पोचत नाहीये. आता व्होल्टेजची रेघ बघ. करंट तुटायच्या आधी ती खोल गेली आणि तुटल्याबरोबर टुणकन वर आली, तर संशय ईएससीच्या लो-व्होल्टेज कटऑफवर. आधी खोल गेलीच नसेल, तर मोटरच्या वायरी, सोल्डर आणि तापलेला ईएससी बघ.

आपल्या श्रोत्याची लक्षणं कटऑफशी जुळतात. हिशेब करून बघू. तीन सेलची लायपो अर्धी वापरली की साधारण ११.४ व्होल्ट. बॅटरी जुनी झालीय, तिचा आणि वायरींचा मिळून रोध ६० मिलीओहम धरू. सरळ उडताना १० अँपिअर घेतले तर ०.६ व्होल्टची घट, काही बिघडत नाही. चढताना ३० अँपिअर घेतले की १.८ व्होल्ट जातात. उरले ९.६, म्हणजे सेलमागे ३.२. अनेक ईएससी सेलमागे ३ ते ३.३ च्या आसपास मोटर तोडतात. खेळ खल्लास! जमिनीवर येईपर्यंत व्होल्टेज सावरलेला असतो, म्हणून बॅटरी निरागस दिसते.

आणि रिमोटवर का चालतं? कारण तुला कान आहेत. मोटरचा आवाज बसला की तुझा अंगठा आपोआप थ्रॉटल कमी करतो. ऑटोपायलट बहिरा आहे. त्याला फक्त उंची आणि वेग कमी झालेला कळतो, म्हणून तो आणखी थ्रॉटल मागतो. बरेच ईएससी थ्रॉटल शून्यावर आणल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाहीत, आणि हा तर शून्यावर येतच नाही.

"मग बॅटरी फेलसेफ का लागला नाही?" कारण आर्डूपायलटमध्ये व्होल्टेज सलग १० सेकंद कमी राहिला तरच तो लागतो, ही मूळ सेटिंग आहे. ईएससी त्याच्या कितीतरी आधी तोडून मोकळा होतो.

आता उपाय, खर्चाच्या क्रमाने. आधी फुकटचे: बॅटरीचा कनेक्टर वापरानंतर हाताला गरम लागतो का बघ. लागला तर नव्याने सोल्डर कर, कारण तिथेही व्होल्टेज गळतो. ईएससीचा कटऑफ सर्वात खालच्या पातळीवर ठेव किंवा बंद कर, आणि घरी परतायचा निर्णय ऑटोपायलटच्या फेलसेफवर सोपव. पण त्याची पातळी नीट वर ठेव, नाहीतर लायपो कायमची खराब होईल. चढण्याचा कोनही थोडा कमी कर.

मग जमिनीवर चाचणी. विमान घट्ट बांध, पूर्ण थ्रॉटल अर्धा मिनिट दे आणि व्होल्टेज बघ. प्रॉप काढून ही चाचणी होत नाही, कारण भारच पडत नाही. म्हणून उभं राहायचं ते मागे. प्रॉपच्या समोर किंवा बाजूच्या रेषेत कोणीही नको, मोबाइलवर शूट करणारा मित्रसुद्धा नको! बाकी सगळं काम प्रॉप काढूनच.

एवढं करूनही व्होल्टेज कोसळला, तर नवी बॅटरी घे. भारी मोटर घेतलीस तर ती आणखी करंट ओढेल आणि विमान आणखी लवकर पडेल.

लॉग बघून काय निघालं ते कळव रे. स्पर्धेसाठी शुभेच्छा. भेटू पुढच्या भागात!