जड अणुकेंद्रकांच्या अल्प-ऊर्जा टकरी (सिद्धान्त)

हीलियमहून जड असे अणुकेंद्रक त्वरकाच्या साहाय्याने वेगवान करून दुसऱ्या अणुकेंद्रकावर आदळविले असता ज्या अभिक्रिया घडतात, त्यांचा अभ्यास या शाखेत केला जातो. येथे 'अल्प' ऊर्जा म्हणजे प्रत्येक प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे सुमारे १० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंतची ऊर्जा होय. एकत्र आलेली केंद्रके खरोखर एकजीव होतात की त्याआधीच फुटतात, हा यातील एक मूलभूत प्रश्न आहे. त्याच्या उकलीत मुंबईच्या भाभा अणु संशोधन केंद्राचा महत्त्वाचा वाटा आहे.

संमीलनातील अडथळा

दोन्ही केंद्रके धनप्रभारित असल्याने परस्परांना दूर लोटतात; अगदी निकट आल्यावरच केंद्रकीय बल त्यांना ओढून घेते. या दोन बलांमुळे ऊर्जेचा एक अडथळा निर्माण होतो. पुंजयामिकीनुसार, ऊर्जा अपुरी असतानाही तो पार होण्याची काही शक्यता असते. केंद्रकाचा आकारही येथे निर्णायक ठरतो. समॅरियम-१४४ गोलाकार, तर समॅरियम-१५४ लांबट आहे. लांबट केंद्रकाच्या टोकाशी अडथळा कमी उंचीचा असल्याने, अडथळ्याखालील ऊर्जेला ऑक्सिजन-१६ शी त्याचे संमीलन कितीतरी अधिक प्रमाणात होते.

मुंबईतील संशोधन

नील्स बोर यांनी १९३६ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार, संयुक्त केंद्रक आपण कशापासून बनलो हे 'विसरते'; त्याचे विखंडन केवळ ऊर्जा, कोनीय संवेग अशा राशींवर अवलंबून असते. प्रयोगांत मात्र काही विखंडन-तुकडे मूळ झोताच्या दिशेने व तिच्या विरुद्ध दिशेने अपेक्षेहून अधिक प्रमाणात बाहेर पडताना आढळले. व्ही. एस. राममूर्ती व एस. एस. कपूर यांनी १९८५ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले: विखंडनाचा अडथळा अगदी लहान असेल, तर काही केंद्रके पूर्ण समतोल साधण्यापूर्वीच फुटतात आणि आगमनाच्या दिशेची खूण त्यांच्यात शिल्लक राहते. यास 'समतोलपूर्व विखंडन' म्हणतात. भाभा केंद्र व टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी कुलाबा येथे संयुक्तपणे उभारलेल्या पेलेट्रॉन त्वरकामुळे अशा कल्पना मुंबईतच पडताळणे शक्य झाले.

महत्त्व

कॅल्शियम-४८ व कॅलिफोर्नियम-२४९ यांच्या टकरींतून ११८ अणुअंकाचे ओगानेसॉन मिळाले. अशा अतिजड मूलद्रव्यांच्या निर्मितीत बहुतेक जोड्या एकजीव होण्याआधीच विलग होतात. म्हणून कोणती जोडी आणि किती ऊर्जा निवडावी, हे ठरविण्यासाठी सैद्धांतिक गणित आवश्यक ठरते.