संकटाआधी जुळवलेला जोड

२० ऑक्टोबर १९९१. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा भडकला आणि आसपासच्या गावांचे बंब धावून आले. पण ओकलंडच्या हायड्रंटचे तोंड तीन इंची आणि पाहुण्या बंबांच्या पाइपांचे जोड अडीच इंची. त्यातच वीज गेली, पंप बंद पडले आणि उंचावरच्या टाक्या रित्या झाल्या. त्या वणव्यात २५ माणसे गेली, तीन हजारांवर घरे जळाली.

दोनच वर्षांपूर्वी लोमा प्रिएटाच्या भूकंपाने तिथल्या जलवाहिन्या फोडल्या होत्या. अग्निशमन दलांमध्ये परस्पर मदतीची घडी जुनी होती. पाणी खात्यांना तसा आधार नव्हता. तो उभा करण्यासाठी १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाणीपुरवठा आणि सांडपाणी संस्थांनी एक करार केला. त्यातून तयार झालेले जाळे म्हणजे ‘कॅलवॉर्न’.

या जाळ्याचे बळ त्याच्या साध्या कलमांत आहे. सही एकदाच, तीही शांततेच्या दिवसांत. सहभाग ऐच्छिक, मदत देणे कोणावर बंधनकारक नाही. आलेल्या पथकावर हुकूम त्याच्याच मुकादमाचा चालतो आणि घरी गरज पडली तर ते परत बोलावता येते. खर्च मदत घेणाऱ्याने भरायचा. सरकारने आपत्ती जाहीर करेपर्यंत थांबावे लागत नाही. पैसे कोण देणार, कामगार जखमी झाला तर जबाबदारी कोणाची, हे वाद आधीच मिटलेले असतात. म्हणून फोन आल्यावर बोलणे मुद्द्याचे होते: किती क्षमतेचा जनरेटर हवा, किती व्यासाची वाहिनी फुटली, शुद्धीकरण केंद्र चालवणारी माणसे किती लागतील.

मोठ्या आपत्तीत शेजारीही बुडालेला असतो, त्यामुळे मदत लांबूनच यावी लागते. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या वाहिन्या दुरुस्त करायला देशाच्या पार दुसऱ्या टोकावरून, ओरेगनमधल्या पोर्टलंडहून पथके गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या जलसंस्थांच्या संघटनांनी प्रत्येक राज्यात असे जाळे उभारण्याचा आराखडा मांडला. आज जवळपास सगळ्या राज्यांत ते आहे.

आपल्याकडे माणुसकी कमी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेल्या रेल्वेच्या दहा वाघिणींनी पहिल्या खेपेत सुमारे पाच लाख लिटर पाणी तहानलेल्या लातूरला पोहोचवले. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरची उपसा केंद्रे बुडाली आणि पुराने वेढलेल्या शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हाही बाहेरून हात पुढे आले. अशा प्रत्येक वेळी धावपळ करणाऱ्यांचे मोल मोठे आहेच. पण त्यांची निम्मी शक्ती परवानग्या आणि जुळवाजुळव यांत खर्च होऊ नये. महापालिका, नगरपरिषदा आणि जीवन प्राधिकरण यांनी एका कागदावर सह्या कराव्यात. कोणाकडे कोणता पंप शिल्लक आहे, कोणाच्या फ्लँजचे माप काय, रात्री-अपरात्री फोन कोण उचलेल, याची यादी पावसाळ्यापूर्वी तयार असावी. या कामाला धरण बांधण्याइतका पैसा लागत नाही. लागते ती संकट येण्याआधी एकत्र बसण्याची तयारी.