विश्लेषण : मणक्यात स्क्रू असताना एमआरआय स्पष्ट कसा मिळेल?

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुखणे पुन्हा उद्भवले की डॉक्टर एमआरआय करायला सांगतात. पण अनेकदा अहवालात ‘धातूमुळे चित्र अस्पष्ट’ असा शेरा येतो. पैसे जातात, प्रवास होतो आणि प्रश्न तसाच राहतो. हे टाळण्यासाठी काय करता येते?

समजा, आर्णी तालुक्यातला एक शेतकरी बंडीवरून पडला. मणका मोडला, शस्त्रक्रियेत स्क्रू आणि रॉड बसवले गेले. वर्षभर बरे गेले. कापूस वेचणीच्या दिवसांत पुन्हा पायात कळ यायला लागली. आता नस दबली आहे का, हे बघायला एमआरआय हवा. यवतमाळ जिल्ह्यातल्या रुग्णांसाठी ही साधी गोष्ट नसते. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. तरीही मणक्याच्या गुंतागुंतीच्या उपचारांसाठी अनेक जण सेवाग्राम, सावंगी किंवा सुमारे दीडशे किलोमीटरवरचे नागपूर गाठतात. उमरखेडकडच्यांना नांदेड जवळ पडते. एका तपासणीसाठी एक-दोन दिवसांची मजुरी बुडते. त्यामुळे ती पहिल्याच वेळी नीट होणे महत्त्वाचे.

स्क्रू असताना एमआरआय करता येतो का?

‘अंगात रॉड आहे, आता एमआरआय कधीच नाही’ असा समज गावोगावी आढळतो. तो बहुतांश बरोबर नाही. आजकाल मणक्यात बसवले जाणारे बहुतेक स्क्रू टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. लोखंड जसे चुंबकाकडे खेचले जाते, तसा तो खेचला जात नाही. मात्र प्रत्येक इम्प्लांटची खातरजमा करावी लागते. पेसमेकर, मेंदूतील रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट किंवा डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण असेल तर नियम वेगळे आहेत. ते आधीच सांगायला हवे.

मग चित्र का बिघडते?

शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. एमआरआय त्याचेच संकेत टिपतो. दीड टेस्लाचे यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट ताकदीचे असते. त्यात हायड्रोजनचे केंद्रक सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा भिरभिरते. चुंबकाची ताकद जागेनुसार थोडी बदलली की हा वेगही बदलतो. त्या वेगावरूनच कोणता संकेत कुठून आला, हे यंत्र ठरवते.

धातू आपल्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र वाकडे करतो. मग यंत्राचा हिशेब चुकतो. एका जागेचा संकेत दुसऱ्या जागी दिसतो. कुठे काळा खड्डा पडतो, कुठे नको तितका पांढरा पट्टा उमटतो. यालाच मेटल आर्टिफॅक्ट म्हणतात. अडचण अशी, की स्क्रूच्या अगदी शेजारीच नस आणि मज्जारज्जू असतात. जिथे बघायचे, तिथेच चित्र झाकले जाते. जुन्या स्टेनलेस स्टीलच्या रॉडमुळे हा बिघाड टायटॅनियमपेक्षा कितीतरी जास्त होतो. कोबाल्ट-क्रोमचे रॉड या दोन्हींच्या मधले. पीक नावाच्या प्लास्टिकच्या केजमुळे तो फारच कमी होतो.

मोठे यंत्र, चांगले चित्र?

इथे उलट होते. ‘तीन टेस्ला म्हणजे भारी मशीन’ असे रुग्णांना वाटते. मेंदू किंवा सांध्यांसाठी ते अनेकदा खरेही असते. पण चुंबक जितका ताकदवान, तितका धातूचा गोंधळ वाढतो. तीन टेस्लावर तो दीड टेस्लाच्या साधारण दुप्पट असतो. म्हणून मणक्यात स्क्रू असलेल्यांसाठी बहुधा दीड टेस्लाचे यंत्र पसंत केले जाते. तालुक्याजवळच्या केंद्रात असे यंत्र असेल, तर केवळ ‘मोठ्या मशीन’साठी लांब जायची गरज नाही. तिथे धातूसाठी वेगळी मांडणी वापरतात का, हे मात्र विचारावे.

तंत्रज्ञ काय बदलू शकतात?

पुष्कळ काही, आणि त्यातले बरेचसे जुन्या यंत्रावरही शक्य असते. ग्रेडियंट एको पद्धतीत धातूभोवतीचे काळे डाग फार मोठे दिसतात. तिच्याऐवजी फास्ट स्पिन एको वापरतात. रिसीव्हर बँडविड्थ वाढवली की संकेत जागेवरून कमी सरकतात. काप पातळ घेतले जातात. बिघाड कोणत्या दिशेला पसरावा, हेही काही अंशी बदलता येते. त्यामुळे नसेची जागा मोकळी राहू शकते.

चरबीचा संकेत दाबण्याची नेहमीची पद्धत धातूजवळ फसते. चरबी पांढरी दिसते आणि सूज असल्याचा भास होतो. अशा वेळी स्टर ही पद्धत जास्त विश्वासाची ठरते. पू किंवा सूज शोधताना हा फरक निर्णायक असतो. मणक्याच्या क्षयरोगात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा पू ओसरतो आहे का, हे बघताना तर विशेष.

याच्या पुढच्या पायरीवर सीमॅक आणि मॅव्हरिक ही तंत्रे आहेत. दोन्ही २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. सीमॅकमध्ये एका कापातून शेजारच्या कापात घुसलेला संकेत शोधून परत जागेवर बसवला जातो. मॅव्हरिकमध्ये वेगवेगळ्या वारंवारतेवर अनेक चित्रे घेऊन ती एकत्र केली जातात. सगळ्या यंत्रांवर ही सोय नसते.

या सगळ्याची किंमत वेळेत मोजावी लागते. बँडविड्थ वाढवली की चित्र दाणेदार होते. ते भरून काढायला तपासणी लांबते. रुग्णाला जास्त वेळ न हलता पडून राहावे लागते. पाठ दुखत असताना ते सोपे नसते.

एमआरआयनेच सगळे कळते का?

नाही. स्क्रू ढिला झाला, तुटला किंवा हाड जुळले का, हे सीटी स्कॅन आणि एक्स-रेवर जास्त चांगले कळते. मज्जारज्जू, नस, गादी आणि जंतुसंसर्ग यांसाठी एमआरआय लागतो. गादी पुन्हा सरकली की शस्त्रक्रियेच्या जागी व्रण तयार झाला, हे ओळखायला कधी कधी गॅडोलिनियमचे इंजेक्शन देतात. किडनीचा आजार असेल तर ते आधी सांगणे आवश्यक.

रुग्णांनी काय करावे?

० डिस्चार्ज कार्ड आणि त्यावर चिकटवलेले इम्प्लांटचे स्टिकर जपून ठेवावे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा.

० वेळ घेतानाच ‘मणक्यात स्क्रू आहेत’ असे फोनवर सांगावे. यंत्र किती टेस्लाचे आणि धातूसाठी वेगळी मांडणी आहे का, हे विचारावे.

० जुने एक्स-रे, फिल्म आणि सीडी सोबत न्यावी.

० डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शस्त्रक्रिया कोणत्या मणक्याची, कधी झाली आणि आता नेमके काय शोधायचे, हे लिहून घ्यावे.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी झाली, तर चांगल्या यंत्राची वाट बघत बसू नये. त्याच दिवशी जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. अशा वेळी काही तासांचा उशीरही कायमचे अपंगत्व देऊ शकतो.